तीन पाय सरळ, एक आडवा

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पाळणा थांबला.

वेळ इतकी नेमकी ठाऊक असण्याचं कारण म्हणजे सुकन्याची वही. नऊ महिन्यांची रुद्राणी किती वाजता झोपली, किती वाजता उठली, मधे किती वेळा हुंकारली, हे सगळं त्या वहीत असे. असली वही ठेवायला कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. उलट एकदा ती पाहून डॉक्टरच जरा दचकले होते.

पाळणा साधासुधा नव्हता. नांदेडच्या मामानं, म्हणजे सुकन्याच्या भावानं, बारशाला दिलेला विजेवरचा पाळणा होता तो. लोखंडी स्टँड, वर मोटर, खाली झोळी आणि पायाशी एक काळा डबा. त्या डब्याकडे सुकन्या नऊ महिने संशयानं बघत आली होती. पाळणा हलताना ‘कर्र-टक, कर्र-टक’ असा आवाज करी आणि त्या आवाजाशिवाय रुद्राणीला झोप येत नसे. अंगाईगीतं तिनं पहिल्याच महिन्यात नापास केली होती.

एरवी एखादं यंत्र बंद पडणं ही काही बातमी नव्हे. पण शनिवारी अकरा वाजता लातुरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये सुकन्याचं डेमो लेक्चर होतं. साठ पोरं, पंचेचाळीस मिनिटं. जमलं तर सोमवारपासून नोकरी, नाही जमलं तर यादीतलं पुढचं नाव. एम.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास, मग लग्न, मग रुद्राणी. गेल्या चार वर्षांत तिचा फिजिक्सशी संबंध म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजणे एवढाच उरला होता. लातुरात दर तिसऱ्या घरावर क्लासचा बोर्ड आहे, पण आत बोलावणारा हा पहिलाच. शनिवारी साडेदहा ते बारा रुद्राणी झोपणं आवश्यक होतं, आणि ती झोपायला पाळणा हलणं आवश्यक होतं.

विषय तिनंच निवडला होता: ब्रिज रेक्टिफायर. उलटसुलट धावणाऱ्या विजेला एका दिशेनं चालायला लावणारी चीज. त्याची आकृती ती डोळे मिटून काढू शकत असे. शंकरपाळ्यासारखा चौकोन, चार बाजूंना चार डायोड. बी.एस्सी.ला त्यावर पाच मार्क, एम.एस्सी.ला पाच, बी.एड.ला त्याचाच चार्ट. या बाईच्या शिक्षणाची सगळी इमारत त्या एका शंकरपाळ्यावर उभी होती असं म्हटलं तरी चालेल. आणि पाळणा थांबला त्या क्षणी ती पट्टी धरून तोच काढत बसली होती.

तिनं आधी नवऱ्याला फोन लावला. आदिनाथ डाळमिलचा माणूस, तुरीच्या खरेदीसाठी बिलोलीकडं गेलेला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तूच बघ की. तुझाच विषय हाय.” लग्नाला चार वर्षं झाली की काही वाक्यं पोटात कशी रुतावीत हे नवऱ्यांना आपोआप साधतं.

मग कंपनीचा वॉरंटीचा नंबर. एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा असं करत पाऊण तासानं एका मुलीनं सांगितलं की पाळणा चालत नसल्याचा व्हिडिओ पाठवा. सुकन्यानं स्टँडचा, झोळीचा, डब्याचा असा दीड मिनिटाचा व्यवस्थित व्हिडिओ काढून पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं: कृपया फोटो पाठवू नये, व्हिडिओ पाठवावा. न हलणाऱ्या पाळण्याचा व्हिडिओ हा फोटोसारखाच दिसणार, हे तिनं तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून कळवलं. शेवटी पुरावा म्हणून पंखा लावून पुन्हा शूटिंग केलं, म्हणजे मागचा पडदा तरी हलेल. त्यावर कंपनीनं कळवलं की व्हिडिओत हालचाल दिसत असल्यानं तक्रार बंद करण्यात येत आहे.

इकडे सासूबाईंनी, लक्ष्मीबाईंनी, झोळी हातानं हलवायला घेतली. भोकरहून त्या नातीसाठी म्हणून पंधरा दिवसांकरता आल्या होत्या, त्याला आता सहावा महिना चालू होता. रुद्राणीनं हातानं हलणारी झोळी तात्काळ ओळखली आणि भोंगा पसरला. लक्ष्मीबाईंनी थोडा विचार केला, नातीला मांडीवर घेतलं, मांडी हलवली आणि तोंडानं सुरू केलं: कर्र-टक, कर्र-टक. मुलीनं एक डोळा उघडून तपासलं आणि झोपली. सुकन्यानं वहीत लिहिलं: ३.५५, आई, तोंडानं.

पण शनिवारपर्यंत म्हाताऱ्या माणसाला तोंडानं मोटर चालवायला लावणं बरं दिसत नव्हतं. म्हणून गुरुवारी तो काळा डबा पिशवीत घालून निघायचं ठरलं आणि तेवढ्यात शेजारचे निवृत्तीकाका दारात आले.

निवृत्तीकाकांनी वीज खात्यात एकतीस वर्षं काढली. बिलं विभागात. वायरीला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता, पण गल्लीत कुणाचा फ्यूज उडाला की लोक त्यांनाच बोलावत. काका येत, मीटरकडे बघून मान हलवत, आणि वायरमन येईपर्यंत तिथं उभे राहत. यालाच गल्लीत अनुभव म्हणत.

ताहेरभाईंचं दुकान गंजगोलाईच्या मागच्या बोळात. इन्व्हर्टर, चार्जर, वेल्डिंगच्या मशीन असं सगळं ते दुरुस्त करत. काकांनी आत पाऊल टाकताच ओळख करून दिली, की आमच्या सूनबाई एम.एस्सी. फिजिक्स आहेत, तेव्हा जपून. ताहेरभाईंनी अदबीनं मान झुकवली, डबा उघडला, मीटरच्या दोन सुया इकडेतिकडे टेकवल्या, आणि आतून एक काळी, चपटी, चार बारीक पायांची वडी काढून सुकन्याच्या तळहातावर ठेवली.

“हे काय आहे?” सुकन्यानं विचारलं.

निवृत्तीकाकांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

“ब्रिज रेक्टिफायर, मॅडम,” ताहेरभाई हळूच म्हणाले, जणू एखाद्या घरात वाईट बातमी सांगावी तसं. “चारी डायोड आतमंदीच हायेत.”

सुकन्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. लातूर बसस्टँडवर उभं राहून ‘हे कुठलं गाव’ असं विचारणाऱ्या भूगोलाच्या बाईंना काय वाटेल, ते तिला त्या क्षणी वाटलं. पंधरा वर्षं जो शंकरपाळा ती पट्टीनं काढत आली, तो प्रत्यक्षात शंकरपाळ्यासारखा दिसतच नव्हता. आणि हे तिला एकाही सरांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी तरी तो कुठं पाहिला होता म्हणा.

सावरून तिनं विद्वत्तेचा एक प्रयत्न केला: सुटे चार डायोड जोडले तर? ताहेरभाई म्हणाले, सुटे संपलेत, हा लहान ब्रिजही नांदेडहून सोमवारी येईल, आज फक्त मोठा आहे. मग त्यांनी खणातून काडेपेटीएवढा एक चौकोन काढला. रुपेरी धातूचं अंग, मधोमध आरपार भोक, एक कोपरा तिरका कापलेला आणि वर चार पत्र्याचे पाय. अंगावर आकडा: ३५१०.

“पस्तीस अँपिअर, हजार व्होल्ट,” ताहेरभाई म्हणाले.

हजार. आपल्या लेकराच्या पाळण्याला हजार. सुकन्याच्या आतली एम.एस्सी. शांतपणे म्हणाली, अगं, तो हजार व्होल्ट देत नाही, उलटे आले तर हजारापर्यंत सोसतो, एवढाच त्याचा अर्थ. सुकन्याच्या आतली आई म्हणाली, हजार. अशा वादात आईच जिंकते, एम.एस्सी. दोनच वर्षं जागी होती, आई नऊ महिने सलग जागी आहे.

निवृत्तीकाकांना मात्र मोठा आकडा मनापासून आवडला. लेकरू काय एवढंच राहणार आहे का, असं त्यांचं म्हणणं पडलं. ताहेरभाईंनी समजावलं, की हा डब्यात मावणार नाही; मधल्या भोकातून स्क्रू घालून स्टँडच्या पाइपालाच कसावा लागेल, म्हणजे त्याची उष्णता पाइपात जिरेल; शुक्रवारी संध्याकाळी मी घरी येऊन बसवतो. काकांनी तरीही पीस तिथं ठेवू दिला नाही. माल आधी ताब्यात घ्यायचा, हे त्यांचं सरकारी तत्त्व होतं.

शुक्रवारी सकाळी काका चहाला आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो चौकोन उजेडात धरला, आणि त्यांचा चेहरा बदलला. चार पायांपैकी तीन पाय एका ओळीत, कवायतीला उभे राहिल्यासारखे. चौथा मात्र काटकोनात वळलेला, आडवा.

“डिफेक्टिव्ह,” काका म्हणाले. “आमच्या हापिसात असा माल आला असता, तर गाडीतून उतरू दिला नसता.” त्यांच्या विभागात एकतीस वर्षांत फक्त कागदाची रिमं उतरली होती, पण ही वेळ ते काढण्याची नव्हती.

सुकन्यानं पाहिलं आणि तिलाही ते पटलं. कापलेला कोपरा काल खपून गेला होता. पण कोपरा तुटका आणि वर पायही वाकडा म्हणजे सरळसरळ फसवणूक. हजार व्होल्टचं वाकडं यंत्र, आणि त्याखाली रुद्राणी. फौज पुन्हा निघाली. लक्ष्मीबाईही सोबत, कारण वाटेत मोटर लागली तर ती त्यांच्याच तोंडात होती.

दुकानात सोल्डरिंगचा धूर होता, म्हणून सुकन्या रुद्राणीला घेऊन समोरच्या सावलीत उभी राहिली. लक्ष्मीबाई गुडघ्यांमुळे आत स्टुलावर टेकल्या. आतून काकांचा आवाज येत राहिला. ताहेरभाई काही सांगू लागले की काकांचा आवाज वर जाई. मग काका तरातरा बाहेर आले आणि त्यांनी निकाल दिला: त्यानं डबा उघडून दहा पीस दाखवले, दहाच्या दहा तसेच. म्हणजे सगळा लॉटच डिफेक्टिव्ह. बदलून देणार कुठून? त्यात एवढं काय आहे, घरी पक्कड असेलच, करून टाका सरळ.

लक्ष्मीबाई दहा मिनिटांनी आल्या. आत चहा पीत बसल्या होत्या. घराला आग लागली तरी या आधी चहा संपवतील, असं सुकन्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते मनात आल्याबद्दल तिला लगेच अपराधीही वाटलं. रोजचंच होतं ते.

दुपारी रुद्राणी मांडीवर कर्र-टक ऐकत झोपली असताना सुकन्यानं स्वयंपाकघरात दार लोटून पक्कड घेतली. तिला वाकडं काही बघवत नसे. रांगोळीचा एक ठिपका सरकला तर ती सगळी पुसून पुन्हा काढणाऱ्यांपैकी होती. तिनं तो आडवा पाय पकडीत धरला आणि हळूच फिरवला. ‘कट्’ असा अगदी बारीक आवाज झाला. तिनं निरखून पाहिलं. काही पडलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं. चारही पाय आता प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे एका दिशेला होते. तिनं तो चौकोन फ्रिजवर ठेवला आणि तीन दिवसांत प्रथमच पंधरा मिनिटं डोळे मिटले.

संध्याकाळी ताहेरभाई हत्यारांची पिशवी घेऊन आले. सगळे भोवती जमले. त्यांनी फ्रिजवरचा पीस उचलला, पायाला वायरची क्लिप लावायला गेले, आणि तो पाय दुधाच्या दातासारखा त्यांच्या बोटांत आला.

“याला कुणी फिरवलं?”

निवृत्तीकाकांनी पंख्याकडे बघत व्होल्टेज हल्ली किती कमीजास्त होतं यावर बोलायला सुरुवात केली. एम.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास, उद्या अकराला डेमो.

“म्या फिरवला,” लक्ष्मीबाई म्हणाल्या.

ताहेरभाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. “मावशी, तुम्ही?”

“हाव. सांडशीनं. काय करायचं ते कर.”

सुकन्या सासूबाईंकडे बघत राहिली. सहा महिने ज्या बाईच्या प्रत्येक काढ्याकडे आणि घुटीकडे तिनं संशयानं पाहिलं, त्या बाईनं परक्या माणसांसमोर तिची चूक आपल्या अंगावर घेतली होती. तीही इतक्या सहज, की जणू पोळीला तूपच लावलं.

ताहेरभाईंनी काकांना आणि सुकन्याला मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तो आडवा पाय म्हणजे प्लस. कारखान्यातूनच तसा वळवलेला येतो, अंधारात नुसता हात लावला तरी ओळखू यावा म्हणून. कापलेला कोपराही त्याच्याच बाजूला. बाजूच्या पत्र्यावर अधिकाची बारीक खूणही कोरलेली होती, जिला सुकन्यानं ओरखडा समजून साबणानं पुसायचा प्रयत्न केला होता. पाय आत मसाल्यात पक्का बसवलेला असतो, फिरवला की आतून सुटतो. काका म्हणाले, हेच मी सकाळपासून सांगत होतो.

पिशवीत दुसरा पीस होता. तो पाइपाला कसला गेला, क्लिपा बसल्या, बटण दाबलं आणि पाळणा हलला. कर्र-टक. सगळ्यांचे चेहरे उजळले. रुद्राणीला झोळीत ठेवलं. तिनं कान देऊन ऐकलं, आणि असा टाहो फोडला की ताहेरभाईंनी घाईनं पिशवी आवरली. तीन दिवसांत तिला खऱ्या मोटरचा आवाज खोटा वाटू लागला होता. आता तिला आजीच्याच तोंडची मोटर हवी होती, मांडीसकट. हजार व्होल्ट सोसणारा पाळणा रिकामाच हलत राहिला.

त्यामुळे शनिवारी क्लासच्या जिन्यावरून तिघी चढल्या.

क्लासचे संचालक भीमाशंकर सर पहिल्या बाकावर कागद घेऊन बसले होते. लेकराला पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. सुकन्यानं काही बोलायच्या आत लक्ष्मीबाई सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि मांडी हलू लागली. सर भुवया तशाच वर ठेवून म्हणाले, करा सुरू.

सुकन्यानं शंकरपाळा काढला. सुरेख काढला. साठ पोरांनी तो निर्विकारपणे उतरवून घेतला. त्यांनी आयुष्यात असे शेकडो उतरवले होते. विसाव्या मिनिटाला तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाची हनुवटी छातीला टेकली. चोविसाव्या मिनिटाला रुद्राणीही झोपली. भीमाशंकर सरांनी घड्याळ पाहिलं. मागून अजून अगदी बारीक आवाजात कर्र-टक चालू होतं आणि पोरं माना वळवून आवाज कुठून येतोय ते शोधत होती. आपल्या हातून काहीतरी निसटत चाललंय हे सुकन्याला स्पष्ट कळलं, आणि ते पकडायला तिच्याजवळ शंकरपाळ्याखेरीज काही नव्हतं. नव्हतं म्हणजे, पर्समध्ये एक होतं. लाज वाटून कचऱ्यात न टाकलेलं.

तिनं तो मोडका चौकोन बाहेर काढला आणि वर धरला.

“ही वस्तू मी या गुरुवारी पहिल्यांदा पाहिली,” ती म्हणाली. “ओळखली नाही. एम.एस्सी. आहे मी.”

वर्ग जागा झाला. मग तिनं सगळं सांगितलं. हजार ऐकून घाबरल्याचं. हजार हे देण्याचं नव्हे, सोसण्याचं माप असतं, हे स्वतःलाच समजवावं लागल्याचं. धातूचं अंग आणि मधलं भोक कशाला, तेही. पोरं पुढे झुकली. तिसऱ्या बाकावरचा मुलगा भोकातून बघायला मागत होता. इथवर आली होती, तर पुढचं सांगणं भाग होतं. मागे बसलेल्या बाईचं देणं होतं ते.

“याचा प्लसचा पाय आडवा असतो. मला वाटलं, वाकडा आहे. मी पक्कड घेऊन तो सरळ केला आणि मोडला. नाव मात्र माझ्या सासूबाईंनी स्वतःचं सांगितलं, माझी लाज राखायला. त्या मागं बसल्यात.”

साठ माना मागे वळल्या. कर्र-टक थांबलं.

“आगं, मोडला तर म्याच की,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. “तू कवा हात लावला त्याला?”

“दुपारी. सरळ केला ना मी.”

“हां, मंग बराबर. म्या चार वाजता बघितला, तर पाय सरळ. म्हनलं, हे कसं झालं? ताहेरनं सकाळी दहा पीस दाखवून सांगितलं व्हतं, आडवा पाय म्हंजी अधिक, त्यो आडवाच पायजे. मंग म्या सांडशीनं धरून परत आडवा केला. तवा हलाया लागला त्यो.”

सुकन्यानं हातातला मोडका चौकोन टेबलावर ठेवला. कालपासून ती ज्या त्यागानं भारावून गेली होती, तो त्याग नव्हताच. तो कबुलीजबाब होता. आणि त्याहून वाईट म्हणजे, सुकन्याचीच चूक दुरुस्त करताना झालेल्या मोडतोडीचा.

“आई, तुम्हाला माहीत होतं? मग मला सांगितलं का नाही?”

“तुला म्या काय सांगू? तू शिकलेली. म्हनलं, तुला ठावं असंल.”

पहिल्यांदा हसले ते भीमाशंकर सर. कागद तोंडावर धरून, खांदे हलवत. मग वर्ग असा फुटला की रुद्राणी दचकून उठली आणि सगळ्यांकडे रागानं बघू लागली. हसू ओसरल्यावर सरांनी डोळे पुसले आणि वर्गाला विचारलं, प्लसचा पाय कोणता? साठ हात वर गेले. सरांनी खिशातलं पेन काढलं.

परतीच्या ऑटोत सुकन्याच्या मांडीवर नेमणुकीचं पत्र होतं. सोमवार, सकाळी आठची बॅच. तिनं ते दोनदा वाचलं. मग ती बाहेर बघत बसली. औसा रोडवरचे क्लासचे बोर्ड एकामागून एक मागे जात होते.

“आई,” शेवटी ती म्हणाली, “ताहेरभाईंनी आणखी काय काय सांगितलं तुम्हाला?”

“लई सांगितलं. दोन चहा झाले की.” लक्ष्मीबाईंनी नातीला खांद्यावर नीट घेतलं. “अधिकाच्या समोर, तिरपं, उनं असतंय. राहिलेल्या दोन पायांला बाहेरची वीज लावायची, ती कशीबी लावली तरी चालती. स्क्रू लई आवळायचा न्हाई, पाठ तडकती. आन् पाठीला पांढरं मलम लावतेत, त्याचं येगळंच हाय.”

सुकन्यानं पर्समधून पेन काढलं. वही घरी राहिली होती, म्हणून नेमणुकीचं पत्र उलटं करून तिनं ते गुडघ्यावर धरलं.

लक्ष्मीबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि त्या थांबल्या.

“हळू सांगू का?”